विचारल्याबिगर

राघवेंद्र नांदेडला घरी बसून एआयकडून कोड लिहून घ्यायचा. दर कामाआधी लॅपटॉपच्या कोपऱ्यात चौकट उघडायची, "करू का?" त्यानं 'हो' दाबेपर्यंत एआय गुमान थांबायचं. परवा टेबल पुसता पुसता बायकोनं, मालविकानं, ते 'हो' दाबून टाकलं. त्यानं लॅपटॉपचं झाकण आपटून तिची बोटं चेचली.

"मशीनला अक्कल हाय, तुला न्हाई? विचारल्याबिगर कशालाच हात लावायचा न्हाई!"

आज पाणी तापवायच्या रॉडला हात लागला आणि राघवेंद्र करंटनं चिकटून थरथरू लागला. मालविका बटणाकडे धावली. पट्टी बांधलेलं बोट बटणाजवळ नेऊन तिनं विचारलं, "अहो, बंद करू का?"

त्याची दातखीळ बसली होती.



ती गुमान थांबली.