समासातला वान्या

सत्तेचाळिसाव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं : 'हा माणूस बायकोकडे कधी बघतच नाही. तुम्हाला काय वाटतं? – वान्या.'

त्याखाली दुसरं अक्षर : 'बघतो की. मीठ हवं असेल तेव्हा.'

वितोमिरने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अक्षर बायकोचं, रादोयकाचंच. तीस वर्षं बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर तो ते बघत आला होता.

कादंबरी वाचनालयाची. म्हणजे ही परत करायची, तो वान्या न्यायचा, त्याने परत केली की पुन्हा ही. वान्या हे नाव त्यांच्या गावात बाप्यांचंही असतं आणि बायकांचंही, पण वितोमिरच्या डोक्यात बाईचा विचार आलाच नाही. एकशेबाराव्या पानावर 'तुम्ही'चं 'तू' झालेलं बघून त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला 'तू' म्हणायला रादोयकाने वर्ष लावलं होतं.

तो पुस्तक घेऊन अंगणात आला. रादोयका चुलीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत होती. हिवाळ्यासाठीचा आयवार, म्हणजे या मिरच्यांची चटणी, आजच बरण्यांत भरायचा होता. तिचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

"कशी आहे कादंबरी?"

तिने वर बघितलं. "तुला काय झालं आज?"

"सांग ना. कशी आहे?"

"बरी आहे."

बरी आहे! अख्खे समास भरून ठेवलेत बाईने, आणि नवऱ्याला दोन शब्द.

"त्या वान्याला मात्र सगळं सविस्तर सांगतेस," तो म्हणाला. "कोण आहे तो? डोक्यावर केस तरी आहेत का?"

रादोयका इतकी हसली, की हातातली मिरची राखेत पडली.

"अरे बैला, शेवटचं पान बघ."

शेवटच्या पानावर वान्याने लिहिलं होतं : 'इथे मी रडले.'

रडले. वितोमिरने त्या 'ले'वर बोट ठेवून खात्री करून घेतली. बाई होती. त्याचा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात खालच्या ओळीवर नजर गेली. रादोयकाची ओळ : 'मी पण. तो शेजारच्या खोलीत मॅच बघत होता.'

बाप्या असता तर परवडलं असतं. जाऊन निदान त्याची कॉलर तरी धरता आली असती.

"पटलं?" रादोयकाने विचारलं. "आता ठेव ते आत. उद्या परत करायचंय, वान्या वाट बघत असेल."

"बघू दे."

बरण्यांच्या चिठ्ठ्यांसाठी ठेवलेली पेन्सिल त्याने उचलली आणि पायरीवर बसला.

"ए, लिहू नकोस त्यात! वाचनालयाचं पुस्तक आहे!"

"तुम्ही दोघी लिहिता तेव्हा कोणाचं असतं?"

शाळेनंतर एवढं जपून त्याने कधी अक्षर काढलं नव्हतं. रादोयका मिरच्या तशाच टाकून त्याच्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. तिच्या ओळीखाली त्याने लिहिलं होतं : 'मॅचचा आवाज बंद केला होता मी. सगळं ऐकू येत होतं. – वितोमिर.'