पुंकेसर

प्राचार्यांनी पाहुण्या तज्ज्ञांपुढे पुष्पगुच्छ केला आणि बाईंनी फुलं लगेच ओळखली.

प्रयोगशाळेमागच्या झाडाचीच फुलं होती ती. बारमाही हिरवंगार झाड, पण त्याचं कूळ काही ठरत नव्हतं. पानांवरून एक वाटे, सालीवरून भलतंच. बाई वनस्पतिशास्त्र शिकवायला आल्या तेव्हापासून फुलाची वाट बघत होत्या, आणि झाड फुलायचं नाव घेत नव्हतं. यंदा गाड्या लावायला जागा हवी म्हणून ते तोडायचं ठरलं, तेव्हा कुठं एका फांदीला बहर आला. जात दुर्मिळ निघाली तर झाड वाचणार होतं. म्हणून तर बाईंनी तज्ज्ञांना हातापाया पडून बोलावलं होतं.

"सगळी काढलीत?" बाईंचा आवाज चढला.

"तुम्हीच म्हणालात ना, पाहुणे खास या फुलांसाठी येतायत?" प्राचार्य खुशीत होते. "म्हटलं, मग बाजारातले गुलाब कशाला!"

तज्ज्ञांनी खिशातून भिंग काढलं. एक फूल उलगडून पाहिलं, मग दुसरं, मग भराभर सगळीच.

"यांचे पुंकेसर कुठे आहेत? ते सुटे आहेत की जुळून नळी झालीय, त्यावरच तर कूळ ठरायचं."

"ते मधले पिवळे दोरे ना? फुलवाल्यानं चिमट्यानं मुळापासून खुडले," प्राचार्य म्हणाले. "कपड्यांना लागले की डाग जात नाही म्हणे. आणि तुमचा शर्ट पांढराशुभ्र."

"आणि तो कचरा?" बाईंनी विचारलं.

"तो सकाळीच गाडीत गेला."

बाई तडक जिना उतरून झाडाकडे धावल्या. फांदी खालीवर करून पाहिली. एक कळीसुद्धा उरली नव्हती. त्यांना रडू येत होतं आणि रागही. कुणावर काढावा ते कळत नव्हतं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हेच तर जास्त झोंबत होतं.

वर आल्या तेव्हा तज्ज्ञ भिंग पुसत होते. "पाहिल्याशिवाय मी काही लिहून देऊ शकत नाही. माफ करा."

बाई प्राचार्यांकडे वळल्या. "सर, पुढच्या बहरापर्यंत तरी तोड थांबवा."

आता प्राचार्यांचाही चेहरा उतरला होता.

"माझी ना नाही हो, बाई. पण वर काय कळवू? कुठलं झाड आहे म्हणून सांगू?"