विमानात मावणारी काठी

आई गेल्यावर सुदर्शनने ठरवूनच टाकलं होतं, की बाबांना आता कायमचं आपल्याकडे अमेरिकेला न्यायचं. हिंजवडीची नोकरी सोडून तो तिकडे गेल्यापासून बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा दोघंच राहायचे. आता रावसाहेब एकटे उरले होते. व्हिसा आला, तिकिटं झाली, फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं. रावसाहेब कशालाच नाही म्हणाले नाहीत. हो म्हणाले होते का, ते मात्र सुदर्शनला नीट आठवत नव्हतं.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून तो त्यांना मासेमारीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. रविवारी आईला शेजारी बसवून खडकवासल्याच्या पाण्यात गळ टाकायचा, एवढाच त्यांचा शौक.

“आमच्या घरामागे मोठं तळं आहे, बाबा. तिथे रोज बसा,” म्हणत तो दुकानदाराकडे वळला. “प्रवासात नेता येईल अशी काठी दाखवा. बॅगेत मावली पाहिजे.”

दुकानदाराने एकात एक सरकणारी काठी काढली. रावसाहेबांनी ती उघडली, वाकवून पाहिली, छान आहे म्हणाले आणि परत दिली. मग कोपऱ्यातली एक लांबलचक, अखंड काठी उचलून त्यांनी हातात तोलली.

“अहो बाबा, ही विमानात कशी नेणार?”

“नाही नेता यायची,” रावसाहेब हळूच म्हणाले.

मग तीच काठी दुकानदारापुढे ठेवत ते सुदर्शनला म्हणाले, “तू सुट्टीला आलास, की खडकवासल्याला जात जाऊ.”