हरलेल्याने फळा पुसायचा

हवाई युद्धात वेग हाच विजय, असं नव्या विमानाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर सोनेरी अक्षरांत छापलं होतं. ते विमान सकाळपासून तीनदा पाडलं गेलं होतं. अर्थात, सरावापुरतं.

पाडणारी वैमानिक बाई चर्चेच्या खोलीत घामाने निथळत उभी होती. तिच्या छोट्या, पंचवीस वर्षं जुन्या विमानाला सगळे 'टमटम' म्हणत. चाचणीत टमटम हरली की तिच्या तुकडीची सगळी विमानं भंगारात जाणार होती. फळ्यावर खडूने लिहिलं होतं : टमटम तीन, नवं विमान शून्य.

नवं विमान तळप्रमुख साहेबांनी स्वतः उडवलं होतं.

"तुमचा वेग जास्त, म्हणून वळण मोठं," बाई दोन्ही तळहातांची विमानं करून सांगत होती. "तुमचं एक होईतो माझी दोन होतात. मी कुठे आहे ते बघून तुम्ही काय करायचं ते ठरवता, तोवर मी तिथे नसतेच."

"साहेब, घर बदललेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर पत्रं टाकत होते," टमटमची दुरुस्ती बघणारे मिस्त्रीकाका मागून म्हणाले.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. चार वाजता मुख्यालयाची समिती यायची होती. समिती कुणाला काही विचारत नसे. फळ्यावरचा निकाल वहीत उतरवायची, चहा प्यायची आणि जायची.

"बरोबरी लिहू या," साहेब म्हणाले. "तुझ्या बढतीचं मी बघतो."

"बढती राहू द्या. तीन-शून्य म्हणजे तीन-शून्य. आणि साहेब, हरलेल्याने फळा पुसायचा, हा रिवाज तुम्हीच पाडलाय. माझ्याकडून अकरा वेळा पुसून घेतलात. आज तुमची पाळी."

साहेबांच्या हातात डस्टर आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

साहेब उठले. "बरोबर आहे तुझं," म्हणाले, आणि तीन फटक्यांत फळा लख्ख पुसला. तुकडीतल्या पोरांनी टेबलं बडवली. मिस्त्रीकाकांनी चक्क शिट्टी मारली. बाई सकाळपासून पहिल्यांदा हसली.

बाहेर गाडीचं दार वाजलं.

समिती आत आली तेव्हा फळा कोरा होता आणि खडू साहेबांच्या हातात होता.