पलीकडचा टॉवर

मुलाची पिशवी घेऊन त्याचा कामावरचा जोडीदार दारात उभा राहिला, तेव्हा ती शिवणयंत्रावर कुणाचीशी पँट आखूड करत होती. मुलाला जाऊन आठवडा झाला होता. हात रिकामे राहिले की जीव घाबरा व्हायचा, म्हणून तिने काम पुढ्यात ओढलं होतं.

"ये, बस," ती म्हणाली.

तो आणि तिचा मुलगा एकाच कारखान्यात वेल्डर. मुलाच्या अंगावर लोखंडी तुळई कोसळली, त्यानंतर दवाखान्यात हाच त्याच्या उशाशी होता.

पाणी पिऊन झालं तरी तो ग्लास हातात फिरवत राहिला. मग चाचरत म्हणाला, "काकू, त्या दिवशी त्याने तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही घरी नव्हता का?"

यंत्राची घरघर थांबली.

"घरीच होते."

घर नदीकाठी, आणि पलीकडच्या काठावर दुसरा देश. आपला टॉवर जरा क्षीण पडला की तिचा फोन आपोआप पलीकडचं नेटवर्क धरायचा, आणि एकदा धरलं की सहजी सोडायचा नाही. एकदा असंच बोलत बसल्याने सगळे पैसे उडून फोन मुका झाला होता आणि तिची खबर लागेना म्हणून मुलगा कासावीस झाला होता. तेव्हा त्याने बजावलं, "आई, रोमिंग दिसलं तर उचलू नकोस. मागच्या अंगणात जा, आपलं नेटवर्क आलं की तूच लाव. पुढच्या खेपेला येईन तेव्हा सेटिंग बदलून देतो."

"वाजला होता रे," ती म्हणाली. "त्याचंच नाव होतं. पण वर रोमिंग. हातात धरून बसले, बंद होईपर्यंत. मग मागे पळाले. मेलं ते नेटवर्क बदलेचना. फोन बंद करून चालू केला, तेव्हा कुठे आपलं आलं. लगेच लावला. कुणी उचललाच नाही."

"तोवर डॉक्टरांनी मला बाहेर काढलं होतं. फोन आतच राहिला."

तिने पँटची शिवण उगाच बोटाने दाबून बसवली. पुन्हा दाबली.

"त्या एका फोनने काय मोठं बुडणार होतं माझं? चिडला असेल ना तो?"

"नाही हो काकू." त्याने ग्लास खाली ठेवला. "फोन मीच धरला होता त्याच्या कानाशी. तुम्ही उचलत नाही म्हटल्यावर काढून घ्यायला लागलो, तर त्याने माझं मनगट धरलं."

"आणि?"

"म्हणाला, वाजू दे. आई तिथेच बसलीय."