मांडीवरचा दगड

"ह्या डबड्यातून माझी नात आणायची नाय, योग्या! भाड्याची गाडी कर!" मालनबाई कडाडली. घोटीला सून सव्वा महिन्याच्या पोरीला घेऊन माहेरी तयार बसली होती. पण मालनबाईच्या सासऱ्यांच्या वेळची ही फियाट चढावर ब्रेकला कधी थांबायचीच नाही, मागं घरंगळायची. चाकामागं दगड लावायला दरवेळी मालनबाईच उतरायची.

योगेशनं चारी चाकं खोलून नवे ब्रेकशू बसवले, हँडब्रेकची तार ताणली. तरी आई दगड मांडीवर घेऊनच ट्रायलला बसली.

भर चढावर त्यानं हँडब्रेक ओढला, दोन्ही पाय वर घेतले. गाडी तसूभर हलली नाही. मालनबाईनं मोठा श्वास सोडला, दार उघडून दगड रस्त्याकडेला ठेवला.

"अगं, राहू दे की मांडीवर!" योगेश हसला.

"मग नातीला कुठं घेऊ? चल, घोटीला निघायचंय आता."