वरच्या खोलीची कडी

“शकू, बाहेरनं कडी पडली की आत श्वास अडकतो गं. तेवढी काढून ठेवत जा. आणि परत कुणावर पडू देऊ नकोस.”

राजाक्का जाऊन कितीतरी वर्षं लोटली, तरी दिवेलागणीला शकुंतलाबाईंच्या कानात हा आवाज यायचाच. देवापाशी दिवा लावायचा, तुळशीला उदबत्ती ओवाळायची आणि मग बाहेरच्या जिन्यानं गच्चीवर जाऊन नणंदेच्या रिकाम्या खोलीची कडी सरकवायची. त्यांच्या नेमधर्मांत हाही एक नेम होता, फक्त का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच खोलीत सासऱ्यांनी राजाक्काला कोंडलं होतं, मैत्रिणीचा नाद सुटेपर्यंत म्हणून. नाद सुटला नाही. राजाक्काच सुटली.

सकाळी बघावं तर कडी पुन्हा लागलेली असायची. “वारा असेल,” यजमान, कमलाकरराव, म्हणायचे. आडवी, गंज धरलेली कडी. बोटानंसुद्धा जोर करावा लागायचा.

आज बैठकीत त्यांची लेक उर्वी आणि पूनम एकाच फोनवर डोकी घालून बसल्या होत्या. दोघी पुण्याहून दोन दिवसांसाठी आल्या होत्या. आयुष्य काढायचं ते पूनमबरोबरच, हे उर्वीनं दिवाळीतच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिचे वडील फार गोड बोलत होते.

“हे बेट बघ ना, पाणी कसलं निळंशार आहे!”

“पाणी निळं हाय, पर नकाशात देश लाल हाय,” पूनम म्हणाली. “लाल म्हंजी आपल्यासारख्यांना तुरुंग.”

“मग हे?”

“हितं तुरुंग न्हाय. पर हॉटेलवाला दोन खाटा दोन भिंतींना टाकून देतो म्हणं. एका बाईनं लिवलंय.”

दोघी खिदळल्या. कमलाकररावांनी पेपर खाली केला.

“फिरायला जायचं तर एवढी चौकशी कशाला? आपलं वागणं सरळ असलं की सगळीकडे सुरक्षितच असतं.”

हसू तिथंच विरलं. पूनमनंच मग विषय सावरला. “काकू, तुमचं सोलापूर कुठल्या रंगात हाय, बगू का?”

“घरांचे रंग नसतात गं त्यात,” उर्वी म्हणाली.

शकुंतलाबाई चहा टाकायला आत गेल्या. पाठोपाठ कमलाकरराव आले. ओट्याला टेकून हळू आवाजात म्हणाले, “पूनमला मी पहाटेच्या गाडीवर सोडून येतो. बार्शीचे पाहुणे दुपारी येतायत, मुलगा चांगला आहे. उर्वीला आज वरच्या खोलीत झोपव. तिचा फोन खाली राहू दे. आणि कडी तेवढी तू लाव. माझे गुडघे कुठं चढतात आता!”

“अहो, ती काय लहान आहे का कोंडायला?”

“चार दिवसांचा प्रश्न. डोकं येईल ठिकाणावर. अण्णांनी राजाक्काचं केलं, तेही तिच्या भल्यासाठीच की.”

आणि ते खाकरले. आधी दोनदा बारीक, मग एकदा लांबलचक.

शकुंतलाबाईंच्या हातातली गाळणी थांबली. हे खाकरणं सासऱ्यांचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात यजमानांच्या घशातून ते कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी वळून पाहिलं. ओट्याशी उभे होते ते कमलाकररावच. पण एक हात कमरेमागे बांधून, अण्णा उभे राहायचे तसे.

गुडघे चढत नाहीत, हे खरं होतं. ऑपरेशन झाल्यापासून ते एकदाही गच्चीवर गेले नव्हते. मग रोज रात्री ती कडी...

पुढचा विचार त्यांनी केला नाही. चहा गाळला.

कमलाकरराव पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. त्यांना कप देऊन शकुंतलाबाई मुलींपाशी वाकल्या आणि फक्त दोघींनाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आज माझ्यापाशी देवघरात झोपा दोघी. आणि उद्या निघाल ते एकदमच निघा. बाबा सोडायला येतो म्हणाले, तरी एकटीनं जायचं नाही.”

उर्वीचा चेहरा उतरला. “आई, काय चाललंय?”

“आत्ता नको. दिवे लागायची वेळ झाली.”

पूनमनं फोन त्यांच्यापुढे धरला. आवाज मुद्दाम मोठा आणि हसरा होता. “ह्ये घ्या काकू, सापडलं! हिरवं बेट. हितं कोन कुनाची कोन, इचारतच न्हाईत बगा.”

शकुंतलाबाईंनी तो हिरवा ठिपका नीट पाहून घेतला.

मग देवापाशी दिवा लावला. तुळशीला उदबत्ती ओवाळली. शिलाईमशीनच्या खणातून स्क्रूड्रायव्हर काढून पदराखाली घेतला आणि त्या बाहेरच्या जिन्याशी आल्या. मागे बैठकीत दोघींची कुजबुज ऐकू येत होती. कमलाकररावांचा कप बशीवर टेकल्याचा आवाज आला. घरातली सगळी माणसं खालीच होती.

वर गच्चीत लोखंडावर लोखंड घासलं. सावकाश, कुणीतरी जोर लावावा तसं. मग खट्.

शकुंतलाबाई क्षणभर थबकल्या. पायातल्या चपला त्यांनी पहिल्या पायरीखाली काढून ठेवल्या, देवळाच्या दारात काढाव्यात तशा.

“आले हं, राजाक्का,” त्या हळूच म्हणाल्या. “आज नुसती सरकवून जायची नाही मी. घेऊनच उतरणार आहे.”

आणि अनवाणी पायांनी त्या जिना चढू लागल्या.